पाचावर नऊ, एकोणसाठ

"तुमचा नंबर एकोणसत्तर ना?"

अंधुक उजेडात कुणीतरी विचारलं, आणि पोहायची टोपी कानांवर ओढता ओढता मी थांबले. सहा वाजायचे होते. तलावावर वाफ तरंगत होती. सायकली टांगायच्या लांबच लांब नळ्यांमधून माणसं हिंडत होती, पण त्यांचे चेहरे काही दिसत नव्हते. माझ्या सायकलीशेजारच्या रिकाम्या जागेत एक उंच माणूस टॉवेलने तोंड पुसत उभा होता. त्याचे डोळे तेवढे दिसत होते. बरे होते... म्हणजे डोळे.

"एकोणसाठ," मी म्हटलं.

"तेच ते."

"तेच ते कसं? चांगला दहाचा फरक आहे."

"असेल. मला ते एकोण-बिकोण कधी जमलंच नाही. शाळा दुसऱ्या भाषेतली ना. एकोणतिसाव्या मजल्यावर बोलावलं की मी एकोणचाळिसाव्यावर जाऊन उभा."

"मजल्यावर कशाला?"

"लिफ्ट दुरुस्त करतो मी. नशीब, लिफ्टमध्ये आकडे नुसते दिसतात, वाचून दाखवावे लागत नाहीत." त्याने मान जराशी कलती केली. "आणि तुम्ही?"

"मी दात करते."

"डॉक्टर?"

"छे. डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही कवळ्या करतो. मेणात एकेक दात कोरायचा. दिवसभर तेच काम."

"म्हणजे माणूस भेटला की तुम्ही आधी..."

"दातच बघते. सवय."

"मग टॉवेल न काढलेलाच बरा," तो म्हणाला. तेवढ्यात भोंग्यावरून कसलीशी हाक आली आणि तो टॉवेल तसाच तोंडावर धरून धुक्यात निघून गेला.

मला हसू आलं. हसू आलं याचंच नवल वाटलं, कारण रात्रभर मी छताकडे बघत पडले होते.

शर्यत अशी होती. आधी तलावात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, आणि ते झालं की भर उन्हात एकवीस किलोमीटर पळायचं. सुरुवात साडेसहाला, आणि दुपारी तीनच्या ठोक्याला घड्याळ बंद. तीन वाजून एक मिनिटाने पोचलात तर पोचलाच नाहीत. मी काही मोठी खेळाडू नाही. बाबा मला गोगलगाय म्हणतात. "गोगलगाय अन् पोटात पाय," ते म्हणतात, "पण पोटातले पाय बाहेर कधी काढणार, ते सांग."

गेल्या वर्षी मी हीच शर्यत सतराव्या किलोमीटरला सोडली. सोडली कसली, सुटली. डोकं गरगरलं म्हणून सावलीसाठी रस्त्याखालच्या मोरीत उतरले आणि तिथेच पडले. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसणंच शक्य नव्हतं. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतं. मानेवर गार स्पंज. डोळ्यांवर कुणीतरी धरलेली टोपी. टोपीखाली एक तोंड, आणि त्या तोंडात वरच्या ओळीत डावीकडे, पुढच्या दातांच्या लगत, एक दात आडवा वळलेला, कोपरा उडालेला. आणि एक आवाज. शाळेतली पोरं पाढ्यांआधी आकडे घोकतात ना, त्या चालीत कुणीतरी मोजत होतं. पाचावर सात सत्तावन्न, पाचावर आठ अठ्ठावन्न, पाचावर नऊ एकोणसाठ... पुन्हा सत्तावन्नपासून. गेल्या वर्षीही माझा नंबर हाच होता. दर वेळी एकोणसाठ आलं की मला वाटायचं, माझं नाव पुकारलं, आणि मी डोळे उघडायची. तसं झालं नसतं तर ते मिटलेच राहिले असते, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

पण मला उचलून नेणाऱ्या गाडीवाल्यांनी सांगितलं, तिथे दुसरं कुणी नव्हतं. बाई एकट्याच होत्या.

"उन्हात मेंदूला काहीही दिसतं," डॉक्टर म्हणाले. बाबा वर्षभर माझ्याकडे जरा जपूनच बघत राहिले. घरातलं मांजर एखाद्या रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बघायला लागलं की आपण त्याच्याकडे बघतो, तसे. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत मेणाचा तुकडा घेऊन तो आडवा दात कोरला. अगदी तस्सा. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात एका डबीत आहे. मनाने रचलेल्या माणसाला मी वाकडा दात कशाला देईन? मी चांगले दात करते.

या वर्षी पुन्हा नाव घातलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "तीनच्या आत माझ्यासमोर उभी राहा. नाही राहिलीस तर सायकल माळ्यावर जाईल आणि पुन्हा खाली उतरणार नाही. मला दुसऱ्यांदा ते दवाखान्याचं बाकडं नको."

मी हो म्हटलं होतं.

दंडावर नंबर काढायला एक बाई बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, गवती टोपी, हातात जाड काळं मार्कर. रांगेत माझी पाळी आली.

"पाचावर नऊ, एकोणसाठ," त्या चालीत म्हणाल्या आणि माझ्या दंडावर आकडे काढायला लागल्या.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांना तो मार्करखाली जाणवला असणार.

"थंडी वाजतेय? थांब थोडी, दुपारी हीच थंडी मागशील."

"तुम्ही... असंच मोजता?"

"असंच शिकवलं, असंच शिकले. का गं?"

"काही नाही. माझ्या शेजारची जागा रिकामी का आहे, काकू? साठ नंबरची?"

मार्कर क्षणभर थांबलं. "तो नंबर देत नाहीत. पहिल्या वर्षी एक मुलगा होता त्या नंबरचा. उन्हात कुठेतरी बसला. संध्याकाळी सगळे आले म्हणून कमान उतरवली, सामान भरलं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मोजणीत एक कमी आहे." त्यांनी शेवटचा फराटा ओढला. "तेव्हापासून मोजायचं काम माझ्याकडे. जा, बाळ. पाणी पीत राहा."

मी पाण्यात उतरले. पाण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाणी पाण्यासारखं होतं. सायकलीबद्दल सांगायचं तर पहिले पन्नास किलोमीटर मी गुणगुणत होते, आणि पुढच्या चाळिसांत समोरून येणारा वारा तव्यावरून उचलल्यासारखा लागत होता. सायकल टांगून पळायला निघाले तेव्हा पावणेबारा झाले होते. तीनला सव्वातीन तास बाकी. मला तीन तास लागतात. म्हणजे पंधरा मिनिटं माझ्या पदरात होती आणि ती कुठेही सांडायची नव्हती.

पळायचा रस्ता कालव्याच्या कडेने जातो. एका बाजूला सुकलेला कालवा, दुसऱ्या बाजूला बंद गोदामं. झाड एक नाही. विजेचे खांब आपल्याशीच गुणगुणत होते. पुढे डांबरावर पाणी हलताना दिसायचं, जवळ गेलं की नसायचं. लोक माझ्या पुढे निघून गेले, आणि दहाव्या किलोमीटरनंतर मागेपुढे कुणीच उरलं नाही. सावलीसुद्धा पायाखाली दडून बसली होती. माझ्या बुटांचा आवाज येत होता, टप... टप... टप...

मग तो आवाज दुप्पट झाला.

मी मागे बघितलं नाही. लहानपणी सांगतात ना, भर दुपारी मागून कुणाची चाहूल आली तर वळायचं नाही. मी मोठी आहे, कमावती आहे, तरी नाही वळले.

"एकोणसत्तर," मागून आवाज आला.

"साठ," मी म्हटलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. "एकोण-साठ. तुम्ही मागे कसे? लांब ढांगांची माणसं एव्हाना घरी जाऊन जेवत असतील."

"दोनदा पंक्चर झालो." तो शेजारी आला. "तुम्ही वळून का नाही बघितलंत?"

"मला वाटलं, भूत आहे."

"आणि आता?"

"आता बघते ना," असं म्हणून मी वळले. तो हसला.

वरची ओळ. डावीकडे, पुढच्या दातांच्या लगत. आडवा वळलेला दात, कोपरा उडालेला.

त्या उन्हात मला थंडी वाजली. खोटं नाही सांगत, दात वाजले. वर्षभर ज्या दाताचा प्रत्येक कोन मी सुरीने तासला होता, तो माझ्या शेजारी हसत पळत होता. माझी नजर त्याच्या दंडावर गेली. घामाने आणि उन्हाच्या मलमाने मार्कर फिसकटलं होतं. आधी सहाचा आकडा, आणि त्याच्यापुढे नुसता काळा डाग.

सहावर... काय?

सकाळचं आठवलं. याला मी सायकलीजवळ बघितलंच नव्हतं. रिकाम्या जागेत बघितलं होतं.

बाराव्या किलोमीटरला रस्त्यावर वेळ नोंदणारी चटई होती. पायाला बांधलेला पट्टा तिच्यावरून गेला की ती टुंग वाजते. मी गेले, टुंग. तो गेला. चटई वाजली नाही. छत्रीखाली पेंगुळलेल्या मुलीने मान वर न करता कागदावर एकच खूण केली.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"नाही."

"तुमचा वेग वाढलाय."

"तीनला पोचायचंय मला."

"मलाही. मी अडवतोय का?"

अडवत नव्हता. उलट माझ्या आणि उन्हाच्या मध्ये पळत होता. त्याची इवलीशी सावली माझ्या खांद्यावर पडायची, आणि तेवढ्या तळहाताएवढ्या जागेत बरं वाटायचं. मी मनाशी म्हटलं, सावली आहे. मग म्हटलं, उन्हात मेंदूला काहीही दिसतं. आणि मग एक फार वाईट गोष्ट माझ्या लक्षात आली... हा खरा नसला तर मला भीती वाटणार नव्हती. वाईट वाटणार होतं. चांगलं सणसणीत वाईट.

चौदाव्या किलोमीटरला मी थांबले. माझी पंधरा मिनिटं अजून शिल्लक होती, त्यातलं एक मी यासाठी खर्चायचं ठरवलं.

"एक विचारू? रागावू नका. तुम्ही... आहात ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरे. जिवंत वगैरे."

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "हेच मी सकाळपासून तुम्हाला विचारायचं म्हणतोय."

"मला?"

"चला, पळता पळता बोलू. तुम्हाला तीनला पोचायचंय."

मग त्याने सांगितलं. गेल्या वर्षी सतराव्या किलोमीटरच्या मोरीत त्याला एक मुलगी सापडली. त्याने तिच्या मानेवर स्पंज धरला, तोंडावर टोपी धरली. गाडीचा दिवा वळणावर दिसला तसा तिची टोपी कठड्यावर दिसेल अशी ठेवून तो पळत सुटला, कारण त्यालाही तीन गाठायचे होते आणि तेव्हा त्याचं डोकंही जागेवर नव्हतं. गाठले नाहीतच. नंतर तो चौकशीच्या टेबलावर गेला. तिच्या दंडावरचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याने विचारलं, एकोणसत्तर नंबरची मुलगी कशी आहे?

"आणि त्यांनी एकोणसत्तरला माझ्यापुढे आणून उभं केलं," तो म्हणाला. "मिशीवाले आजोबा. गळ्यात पदक, हातात केळं. म्हणाले, 'मी उत्तम आहे बाळा, का रे?'"

मी हसायला लागले. हसता हसता माझा श्वास चुकला.

"हसा. मी वर्षभर घाबरून आहे. घरी सांगितलं, तर आई म्हणाली, त्या रस्त्याला जाऊ नकोस, बाहेरचं काहीतरी असेल. सकाळी तुम्हाला बघितलं, टोपी ओढताना... पहिल्यांदा वाटलं, धावत सुटावं. मग वाटलं, भूत असलं तरी बोलून तर बघू. बरं दिसतं."

"भूत बरं दिसतं?"

"हो. म्हणून तर नंबर विचारला."

"आणि तोही चुकलात." माझा चेहरा तापला होता, आणि ते ऊन नव्हतं. "मग चटई का नाही वाजली? तुमचा नंबर साठ आहे का?"

"एकसष्ट. पुढचा एक पुसला गेला. आणि पायाचा पट्टा पंक्चर काढताना कुठेतरी पडला." त्याने हात पुढे केला. "चिमटा काढून बघा हवं तर."

मी चिमटा काढला. जरा जोरातच काढला. तो ओरडला, आणि इतकं गोड ओरडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

"आता माझा दात मला परत द्या," मेणाचं ऐकल्यावर तो म्हणाला.

"घ्यायला या. पण तुम्ही मोरीत मला बघितलंत कसं? रस्त्यावरून तर दिसत नाही."

चारपाच पावलं नुसती टपटप.

"मी पुढे निघून गेलो होतो," तो म्हणाला. "बरंच पुढे. मागून कुणीतरी म्हणालं, 'एक कमी आहे.' साध्या आवाजात, रांगेत उभं राहून सांगावं तसं. वाटलं, पाणी देणारा कुणी असेल. वळलो तर रस्ता रिकामा. मग परत आलो."

खांब गुणगुणत होते. आम्ही दोघं जरा जवळून पळायला लागलो.

सतरावा किलोमीटर आला तेव्हा दोन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. चार किलोमीटर आणि वर थोडं, एक्केचाळीस मिनिटं. जमत होतं. मी त्याला तेच सांगायला वळले, तर तो शेजारी नव्हता.

मोरीच्या कठड्याला हात लावून तो उभा होता. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. घाम थांबला की काय होतं, ते मला माहीत होतं.

"तुम्ही पुढे व्हा," तो म्हणाला. "मी येतो... एकोणचाळीस मिनिटांत." आणि खाली बसला.

"अहो," मी म्हटलं. मग, "अहो, ऐका." आणि मग तो एका कुशीवर कलंडला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अरे, ए, डोळे उघड!"

घड्याळ माझ्या मनगटावरच होतं. आत्ता निघाले तर तीनच्या आत. बाबा छत्री घेऊन कमानीखाली उभे असणार, त्यांच्याही मनगटावर घड्याळ. पुढचं पाण्याचं टेबल एका किलोमीटरवर, तिथे सांगून पुढे जाता आलं असतं. तेही काही वाईट नव्हतं. मीच नव्हे, कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

पण तेवढ्या वेळात तो इथे एकटा असता. आणि इथे एकटं असणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

मी त्याला काखेत धरून मोरीत ओढलं. गेल्या वेळची माझीच जागा. टोपीत मागच्या टेबलावरचा बर्फ होता, तो मानेवर ठेवला. बाटलीतलं खारं पाणी ओठांवर थेंब थेंब सोडलं. फोन सामानाच्या पिशवीत राहिलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी कालव्याच्या तळाशी उरलेल्या डबक्याकडे धावले आणि त्याच्याकडे पाठ करून स्पंज भिजवायला लागले.

मागून त्याचा आवाज आला. धिमा, चालीतला.

पाचावर सात सत्तावन्न... पाचावर आठ अठ्ठावन्न... पाचावर नऊ एकोणसाठ...

"हो, ऐकतेय," मी पाठमोरीच म्हणाले. रडायला येत होतं आणि रडण्याइतकं पाणी अंगात नव्हतं. "तू मोजू नकोस. श्वास घे."

एक श्वासभर शांतता. मग, सहावर एक एकसष्ट.

मी परत आले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"दोन बत्तीस."

"तू गेली का नाहीस?"

"जमलं नाही."

"वेडी आहेस."

"आहे. घरीही सगळ्यांचं हेच मत आहे." मी स्पंज त्याच्या कपाळावर पिळला. "एक सांगायचं होतं. तू खरा असलास तर."

"आणि नसलो तर?"

"तर आणखीच सांगायचं होतं. वर्षभर मी एका दाताच्या प्रेमात आहे. उरलेला माणूस आजच भेटला, पण... तोही चालेल."

तो हसला. आडवा दात उन्हात चमकला. "चालेल नाही," तो म्हणाला, "आता पळेलसुद्धा. हात दे."

पळाला नाही, चाललाच. पुढच्या टेबलावरच्या लोकांनी त्याला बर्फात बसवलं, नाडी बघितली, ओरडले आणि गाडीत बसा म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बस. तो नाही म्हणाला. अर्ध्या तासाने नाडी पुन्हा बघून त्यांनी सोडलं. तीन किलोमीटर आम्ही हातात हात घालून चालत गेलो. तीन वाजले होते ते त्या टेबलापाशीच. लांबून भोंगा ऐकू आला होता, आणि बर्फात बसल्याबसल्या त्याने माझा हात जरा घट्ट धरला होता.

आम्ही पोचलो तेव्हा कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती आणि चटई गुंडाळून ठेवली होती. बाबा छत्रीखाली उभे. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मग शेजारी.

"हे कोण?"

"गेल्या वर्षीचे," मी म्हटलं.

बाबा पुढे आले. एक बोट उचलून त्यांनी त्याच्या खांद्याला लावलं, हळूच, रंग वाळलाय का बघतात तसं. मग सबंध हात ठेवला. आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"सायकल..." मी म्हटलं.

"माळ्यावर जागा नाहीये," बाबा म्हणाले. "मी सकाळीच बघितलं."

मार्करवाल्या बाई तेवढ्या टेबलापाशी बसून होत्या. बाकीची टेबलं कुणीतरी उचलून नेली होती, त्यांच्या मांडीवर फक्त कागद. "दोन कमी होते," त्या म्हणाल्या. "मी सगळे आल्याशिवाय उठत नाही. नंबर सांगा."

"एकोणसाठ," मी सांगितलं, आणि मग मला चिडवल्याशिवाय राहवेना. "यालाही विचारा. मोरीत पडल्यापडल्या चांगलं मोजता येत होतं याला, एकोणसाठसुद्धा बरोबर. गेल्या वर्षीपण. मला म्हणे एकोण जमत नाही. फक्त साठ तेवढं गाळलंस, एकोणसाठवरून एकदम एकसष्ट."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"मी कधी मोजलं?"

"आज. मी स्पंज भिजवत होते तेव्हा. पाचावर सात सत्तावन्न..."

"मला हे असलं येतच नाही," तो म्हणाला. "पाचावर काय? गेल्या वर्षीही मी एक शब्द बोललो नाही गं. घशाला कोरड होती. तू मधूनमधून डोळे उघडायचीस, मला वाटायचं, आपणहून."

बाईंच्या हातातलं मार्कर खाली पडलं. कुणीच ते उचललं नाही.

"साठ गाळलं?" बाईंनी विचारलं.

"हो. तिथे जरासा थांबला... आणि पुढे."

"स्वतःला मोजायचाच नाही तो," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. "घरात सगळ्यांत धाकटा. जेवायला किती पानं घ्यायची, मोजून ये, म्हटलं की कायम एक कमी सांगायचा. बाकी सगळ्यांना मोजायचा आणि स्वतःला विसरायचा. आकडे मीच शिकवले होते त्याला. माझा भाऊ."

मी मागे वळून बघितलं. या वेळी वळले. कालव्याचा रस्ता तसाच होता, रिकामा. डांबरावर पाणी हलत होतं.

लिफ्टवाल्याने वाकून मार्कर उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. मग माझा हात धरला आणि कपाळाला आठ्या घालून, अवघड गणित सोडवावं तसा, एकेक शब्द जपून म्हणाला, "पाचावर नऊ, एकोणसाठ. ही."

बाईंनी खूण केली.

"सहावर पूज्य..." मी म्हटलं, आणि पुढचं तो आणि मी बरोबरच म्हणालो, "साठ."

बाईंनी दोघांकडे बघितलं. मग कागदावर, जिथे इतकी वर्षं काहीच लिहिलं जात नव्हतं, तिथे सावकाश एक खूण केली.

"सहावर एक एकसष्ट," तो म्हणाला. "मी."

"झाले," बाई म्हणाल्या. "सगळे आले." आणि टोपी सावरून त्या घरी जायला उठल्या.